पूर्णेकाठी वरण शिजलं

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिलं विचारलं, "लोणारचं सरोवर पाहिलंत ना?" मी म्हटलं, नाही. "मग शेगाव तरी?" तेही नाही. "मग पाहिलंत तरी काय?" मी मोबाइल काढून एका विहिरीचा फोटो दाखवला. कठड्याला ताजा निळा-पांढरा रंग, त्यावर झेंडूची माळ, आणि आत पाण्यावर तरंगणारं एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजी दिसली. लिफ्टमध्ये उभ्याउभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पुण्यात बायकांना मोटार शिकवते. माझी मुलगी मुक्ता विद्यापीठात पाण्यावर संशोधन करते. या प्रवासाच्या आधी ती स्कूटरवरून पडली आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून घरी आली. स्कूटर तेव्हा उभी होती, चालूसुद्धा नव्हती. माझ्या विद्यार्थिनींना हे कळू नये म्हणून मी फार जपते. पण तिला बुलढाण्याला जाणं भाग होतं. "आई, तू फक्त गाडी चालव. बाकी कशात पडू नकोस," असं बजावून तिनं मला बरोबर घेतलं. कशातही न पडण्याचा माझा स्वभाव नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं.

धाड

संभाजीनगर मागे टाकून, सिल्लोड-भोकरदन करत आम्ही धाडला पोचलो तेव्हा आठवडी बाजार भरलेला होता. रस्त्याच्या निम्म्यात भाजीवाले आणि उरलेल्या निम्म्यात जीपगाड्या. समोरून एसटी आली की सगळे जण न बोलता थोडेथोडे सरकत होते आणि एसटी अंग चोरून निघून जात होती. पुण्यात एवढ्या प्रसंगात निदान दोन भांडणं आणि एक व्हिडिओ झाला असता. मी गाडी एका कडुनिंबाखाली लावली आणि मुक्ताला म्हटलं, भूक लागलीय.

ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा इतका जहाल की माझ्या कानातून वाफ निघाली. वाढणाऱ्या बाईंनी न मागता दह्याची वाटी पुढे केली. तिथून उठले आणि तूरडाळ घेतली. कारण मुक्ता वाटेत म्हणाली होती, "परवा सगळं डाळीवर अवलंबून आहे."

"बाई, बघून घ्या, पालिश नाही हिला," डाळवाली म्हणाली. "घरची तूर हाय. चांगल्या पाण्यात टाका, लोण्यावानी शिजंल."

"आणि वाईट पाण्यात टाकली तर?"

"मग दिवसभर बसा लाकडं जाळीत."

मुक्ता हसली, पण मनापासून नाही. सगळं खरंच डाळीवर अवलंबून होतं. ते कसं, हे मला पुढल्या गावात जाईपर्यंत नीटसं कळलेलं नव्हतं.

घाट उतरून मलकापूर

बुलढाणा शहर उंचावर आहे. डिसेंबरच्या दुपारी तिथं शाल लागावी असा गारवा होता. तिथून राजूर घाट उतरायला लागलं की एकेका वळणावर हवा बदलते. शेवटच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली. खाली पूर्णेचं खोरं पसरलेलं. काळी जमीन, तिच्यावर तुरीचे पट्टे, वेचणी चाललेला पांढरा कापूस. मी एवढं सपाट रान खूप दिवसांत पाहिलं नव्हतं. पुण्यात कुठंही नजर टाकली की ती कुणाच्या तरी बाल्कनीत जाऊन अडते. मी भलतीच खूश झाले आणि मुक्ताला तसं सांगितलंही.

मलकापुरात शिरताना पुढं कापसानं ठासून भरलेला टेम्पो होता. कापसाचे पुंजके उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लागलेले. मुक्कामाच्या लॉजवर चहा मागवला तर पोऱ्या नव्हे, स्वतः मालकच वर आले आणि म्हणाले, "म्याडम, चहा गोड्या पान्याचा आहे बरं. बिनधास्त प्या."

मी आयुष्यात पहिल्यांदा चहा पिताना पाण्याचा विचार केला.

तिथं मुक्तानं मला सगळं समजावलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं. विहीर खणा, बोअर घ्या, पाणी लागतं, पण पिकाला घातलं तर जमीन बिघडते आणि पोटात गेलं तर माणूस. नळाचं पाणी येतं ते आठवड्यातून कधीतरी. तिच्या गटानं एका गावात पावसाळ्यात शाळेच्या आणि आजूबाजूच्या घरांच्या पत्र्यांवरचं पाणी गोळा केलं, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळलं आणि एका खाऱ्या विहिरीत सोडलं. गोडं पाणी हलकं, खारं जड. विहीर ढवळली नाही तर गोडं पाणी वर साईसारखं राहतं. प्रश्न एवढाच की ते वरचं पाणी उचलायचं कसं, कारण मोटारीचा पाइप नेहमी तळाशी असतो.

"मग?"

"पाइपाचं तोंड एका रिकाम्या पिंपाला बांधलं. पिंप तरंगतं, पाणी खाली-वर झालं तरी तोंड वरच्या थरातच राहतं."

"एवढंच?" मी म्हटलं. "याला विद्यापीठ लागतं?"

तिनं प्लॅस्टरचा हात माझ्यावर उगारला.

मीटरनं पाणी चांगलं दाखवलं होतं, प्रयोगशाळेनंही. पण गावाचा मीटरवर विश्वास नव्हता. गावाची परीक्षा एकच: या पाण्यात तुरीची डाळ शिजते का? खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही, दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा टणक राहतो. त्यामुळे तिथं पंगत असली की वरणाचं पाणी टँकरनं आणतात. आता गावानं ठरवलं होतं की यंदाची रोडग्यांची पंगत या विहिरीच्या पाण्यावर करायची. वरण शिजलं तर बाकीच्या विहिरी आणि घरांचे पत्रे प्रयोगाला मिळणार. नाही शिजलं तर मुक्ताचा प्रबंध एका विहिरीवर संपणार, आणि एका विहिरीवर काहीच सिद्ध होत नाही.

गाव

गावाचं नाव मुक्तानं लिहू दिलं नाही. आधी प्रबंधात येऊ दे म्हणाली. नदीपासून जवळ आहे, एवढं सांगते.

विहीर देविदासभाऊंची. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. दारात गाडी थांबवली तशी ते "जय भीम" म्हणत पुढे आले आणि मला पाहण्याआधी माझे टायर पाहू लागले.

"मावशी, राजूर घाट तुमीच उतरवला?"

"मग काय गाडी आपोआप उतरली?"

"ब्रेकवर उतरवला का गिअरवर?"

"गिअरवर. दुसऱ्या."

"मंग बसा," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून आमची दोस्ती झाली.

त्यांच्या घरात दोन माठ होते. एक ओसरीवर, एक आतल्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी. ओसरीवरचं पाणी घरच्यांनी प्यायचं, आतलं, आठवड्यातून कधीतरी येणारं नळाचं, पाहुण्याला द्यायचं. मला आतलं मिळालं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देताना कोणी विचार करत नाही, नळ सोडला की झालं. मी तो तांब्या अगदी तळापर्यंत संपवला, घोटभरही सांडवलं नाही.

संध्याकाळी विहिरीवर गेलो. जुनी, दगडी, रुंद तोंडाची विहीर. आत ते निळं पिंप शांतपणे डुलत होतं. मुक्ता डाव्या हातानं मीटरची वायर सोडायला लागली, ते तिला जमेना, म्हणून मी सोडली. वर आकडा लहान, खाली जाईल तसा मोठा. थर जागेवर होता.

देविदासभाऊ कठड्यावर बसून पाहत होते.

"मावशी, ही विहीर माह्या आज्यानं खंदली," ते म्हणाले. "गावच्या विहिरीवर आमाले चढू देत नव्हते. कोनी वरून ओतलं तं ओंजळीत घ्याचं. आज्या म्हने, आपली सोताची खंदू. खंदली. अन् लागलं काय? खारं. पुरं गाव हसलं त्याले."

मी वायर गुंडाळून मुक्ताच्या पिशवीत ठेवली.

"उद्या त्याच गावाची पंगत ह्या पान्यावर हाय," ते म्हणाले. "शिजलं पाह्यजे हो वरन."

तेव्हा मला कळलं की उद्या फक्त मुक्ताचीच परीक्षा नव्हती.

पंगतीचा दिवस

सकाळी शाळेच्या मैदानात पोचलो तर एका बाजूला गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला पडलेले. कणकेचे हे गोळे राखेत भाजतात, मग झटकून, फोडून, तुपात बुडवून वरणाबरोबर चुरून खातात. दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या गंजांत (पातेल्याला तिकडे गंज म्हणतात) वांगी. आणि मधोमध तीन दगडांच्या चुलीवर वरणाचा गंज, त्याच्यासमोर लीलाबाई.

लीलाबाई म्हणजे गावातल्या सगळ्या पंगतींच्या मुख्य. साधी नऊवारी, कपाळावर घाम, हातात लांब दांड्याचा डाव, त्यांच्या भाषेत कढला. मी धाडची डाळ मोठ्या आनंदानं त्यांच्यापुढे धरली.

"हे नाही चालत, बाई," त्या म्हणाल्या. "दरसाली ज्या पोत्यातली डाळ घेतो, तीच घेनार. गंज तोच, चूल तीच. बदलनार फकस्त पानी. नाहीतं उद्या लोक म्हनतीन, डाळच पुन्याची होती म्हून शिजली."

मुक्ता माझ्या कानात म्हणाली, "आई, माझ्या गाइडनं हेच सांगितलं असतं, फक्त तासभर लावून."

देविदासभाऊ पांढरा स्वच्छ सदरा घालून इकडेतिकडे पळत होते. त्यांनी मला चुलीजवळच सन्मानानं बसवलं. उंच, गोल आसन, वर सतरंजी, सतरंजीवर धुतलेली चादर. मी ऐसपैस बसले. विहिरीचं पाणी मोटारीनं टाकीत चढलं, टाकीतून गंजात आलं, डाळ पडली, आणि बघता बघता चुलीभोवती माणसांचं कडं झालं.

उकळी आली, फेस आला, लीलाबाईंनी तो काढून टाकला. पुन्हा उकळी. लीलाबाईंनी कढल्यानं दाणे काढले, फुंकले, बोटांत दाबले. चुलीत लाकडं सारली. पुन्हा दाबले. रोडगे भाजून होत आले, वांगी उतरली, आणि डाळ मात्र पाण्यात सुटीसुटी नाचत होती.

शेवटी लीलाबाईंनी एक दाणा मुक्ताच्या तळहातावर ठेवला. "दाब पोरी."

मुक्तानं दाबला. दाणा बोटांतून सटकून मातीत पडला.

कड्यातून कोणीतरी म्हणालं, "मी तं आंधीच सांगतलं होतं. टँकर बोलवा." दुसऱ्यानं फोनही काढला. मला त्या माणसाचा इतका संताप आला की त्याला जन्मभर रिव्हर्स शिकवू नये असं वाटलं. देविदासभाऊ मैदानाच्या कडेला जाऊन उकिडवे बसले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्यांच्याकडे बघवेना.

मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिनं पिशवीतून मीटर काढलं आणि टाकीतल्या पाण्यात बुडवलं.

"हे खारं आहे," ती म्हणाली. "हे वरचं पाणीच नाही."

आम्ही विहिरीकडे पळालो, आमच्यामागे निम्मं गाव. बघतो तर काय, विहीर नवरीसारखी नटलेली! कठड्याला निळा-पांढरा रंग, अजून ओला. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं. आणि आत पाणी अगदी मोकळं, आरशासारखं.

"देविदासभाऊ," मुक्ता ओरडली, "पिंप कुठं आहे?"

देविदासभाऊ धापा टाकत आले. त्यांनी एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मावशी बसल्या न त्याच्यावर," ते म्हणाले.

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी आयुष्यात इतकी अवघडले नव्हते.

"काऊन पण?" मुक्ताच्या तोंडून वऱ्हाडीच निघालं. "काऊन काढलं?"

"म्याडम, पुरं गाव विहीर पाह्याले येनार. अन् मधात ते मळकं पिंप तरंगून राह्यलं, बरं दिसते का ते? पहाटेच काढलं, घासलं, मावशीले बसाले दिलं. अन् पाइप सोडला तळाले. मले वाटलं, पावसाचं पानी सोडलं तं आता पुरी विहीरच गोडी झाली. आता पाहुन्याइले कोनी वरवरचं पानी देते का? वरचं पानी कचऱ्याचं. थंडगार, स्वच्छ असते ते खालचं. आमच्यात खालचंच देतात."

मुक्तानं तोंड उघडलं. ती आता भडकणार असं मला वाटलं आणि मी पुढेही झाले. पण ती कठड्याला टेकून हसायलाच लागली. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं. निम्मं ते हसण्याचं होतं, निम्मं नव्हतं.

"वायर सोड, आई," ती म्हणाली. "थर मोडला असला तर सगळं संपलं."

मी ओल्या रंगावर पोट टेकून वायर सोडली. साडीचा सत्यानाश झाला, त्याची मला आता मुळीच हळहळ नाही. आकडा पाहिला. लहान. हातभर खाली, लहान. पुरुषभर खाली गेल्यावर एकदम मोठा.

"आहे!" मी ओरडले. "वर गोडंच आहे! जागच्या जागी!"

मोटारीनं तळाचंच पाणी ओढलं होतं. वरची साय तशीच होती.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. माझं सिंहासन डोक्यावर घेऊन चौघे जण पळत आले. टँकरसाठी फोन काढणारा माणूस सर्वात आधी विहिरीत उतरला आणि त्यानं पाइपाचं तोंड पिंपाला बांधलं, त्यामुळे मी त्याला मनातल्या मनात माफ केलं. टाकी धुतली, मोटार हळू चालवली. लीलाबाईंनी न शिजलेली डाळ गुरांसाठी काढली, गंज घासला, आणि सगळ्यांच्या देखत त्याच पोत्यातली डाळ पुन्हा मापून टाकली.

या वेळी मी उभीच होते, कारण मला बसायला काही उरलं नव्हतं. उकळी आली. गंजातला आवाज बदलला, खळखळ गेली आणि रटरट आली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो आवाज कळतो. मी मुक्ताचा चांगला हात घट्ट धरला. लीलाबाईंनी दाणा काढला, बोटांत धरला. दाबला की नाही तेही दिसलं नाही, कारण बोटं मिटली तेव्हा तिथं दाणा नव्हताच, नुसता पिवळा लेप होता.

लीलाबाईंनी कढला खाली ठेवला. मान वळवून त्यांनी हाक दिली, "लसूनमिरची आना वं! फोडनी टाका!"

मैदानात जो गलका उठला तो नदीपलीकडे गेला असेल. बायकांनी मुक्ताला मधे घेतलं, कोणी तिच्या प्लॅस्टरलाही हळद-कुंकू लावलं. ते डाग अजून आहेत आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काय सांगायचं हे तिला कळलं नाही. मी मोठ्यांदा रडले. मला लाज वाटली नाही.

"आई," मुक्ता म्हणाली, "एकच विहीर, एकच डाळ, एकच गंज. तळाच्या पाण्यात शिजली नाही, वरच्या पाण्यात शिजली, आणि हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं. मी ठरवूनसुद्धा इतका चांगला प्रयोग मांडू शकले नसते."

पंगत बसायच्या आत लोक तिच्याभोवती गोळा झाले. "म्याडम, आमच्या घरचे पत्रे कवा घेता?" "आमची विहीर याच्याहून खोल हाय, चालते का?" रोडगे थंड होतात म्हणून लीलाबाईंनी कढला आपटला तेव्हा कुठं माणसं पानावर बसली.

मी आजवर अनेक लग्नांत जेवले आहे, पण त्या वरणाची सर कशालाच नाही. रोडगा फोडायचा, मधे तूप, वर वरण, आणि बाजूला झणझणीत वांगं. तीनदा वाढून घेतलं. वाढप्यांनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकलं नाही.

देविदासभाऊंना मानाचं वाढप करायला सांगितलं होतं, तूप वाढायचं. त्यांनी तुपाची चरवी दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः पाण्याची बादली घेतली. पांढरा सदरा, डोक्यावर पुन्हा टोपी, एका हातात बादली, दुसऱ्यात जग. पहिल्या पानापासून सुरू केलं. "पानी घ्या. पानी घ्या." कोणी गाडीवाला, कोणी शेतकरी, कोणी पुजारी, सगळ्यांनी भांडी पुढे केली. पंगतीच्या टोकाला एक अगदी म्हातारे गृहस्थ बसले होते, हात थरथरणारे. त्यांचं भांडं भरून देविदासभाऊ पुढे निघाले, तर त्यांनी मागून हाक मारली.

"देविदास."

"हाव, काका."

म्हाताऱ्यानं एका दमात भांडं रिकामं केलं होतं. दोन्ही हातांनी ते पुन्हा पुढे धरून ते म्हणाले, "तुह्या आज्याच्या विहिरीचं हाय न? आनखी दे."

देविदासभाऊंनी जग वाकवला. भांडं काठोकाठ भरलं, वरून सांडलं, म्हाताऱ्याच्या मनगटावरून पानात गेलं, तरी ते ओततच राहिले.